हळदीवरून चाक जात नाही

आमच्या वसाहतीपुढचा बायपास किती रुंद आहे म्हणाल, तर गेल्या पोळ्याला एक कोंबडी या कडेनं निघाली. मधल्या दुभाजकावर पोचेस्तोवर ती खुडूक झाली, तिथंच तिनं अंडी उबवली, आणि पलीकडच्या कडेला पोचली ती पिलं. कोंबडी पोचली नाही.

हसा, हसा. मी चाळीस वर्षं मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, तोलार होतो. काट्यावर कधी छटाकभर खोटं केलं नाही. ती सगळी कसर जिभेनं भरून काढली. लोक म्हणतात, ग्यानबाची गोष्ट सुपात घालून पाखडली तर खाली दाणा राहत नाही. पण कोंबडी पोचली नाही, हा दाणा आहे. माझीच होती.

आधी आम्ही जुन्या मोंढ्यामागं पत्र्याच्या घरांत राहायचो. तिथं दुकानांचं संकुल बांधायचं ठरलं आणि आम्हा बहात्तर घरांना घरकुलं मिळाली, गावाबाहेर, बायपासच्या पल्याड. फीत कापली, पेढे वाटले, चाव्या दिल्या. घरं पक्की आहेत, खोटं कशाला बोलू? भिंती आहेत, नळ आहे, नळाला तोटीसुद्धा आहे. पण शाळा रस्त्यापल्याड, दवाखाना पल्याड, रेशन पल्याड, मोंढा पल्याड. स्मशानही पल्याड. म्हणजे मेल्यावरसुद्धा रस्ता ओलांडायचा; फरक एवढाच, की तेव्हा चौघं धरून नेतात.

आणि रस्ता कसा? चार पदरी, सरळसोट, तेल लावल्यासारखा. दिवा नाही, पट्टे नाहीत, गतिरोधक नाही. 'सावकाश जा, घरी कुणी वाट पाहत आहे' असा एक फलक आहे म्हणा, पण तो साहेबांच्या कचेरीसमोर लावलाय, जिथं बैलगाडीसुद्धा अडकून पडते. नगरपालिकेत गेलं की म्हणतात, रस्ता आमचा नाही. रस्त्याच्या खात्यात गेलं की म्हणतात, वसाहत आमची नाही. दोघांचंही बराबर आहे. रस्ता ट्रकवाल्यांचा आणि वसाहत यमाची.

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, सगळी वसाहत माझ्या ओट्यावर जमली. तोवर बंडूचा पाय मोडला होता, ताराच्या डोक्याला सोळा टाके पडले होते, एक शेळी गेली होती. माणूस मात्र एकही मेलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

"आबा, अर्ज तुमीच लिवा," बंडू म्हणाला. "तुमच्या जिभेला धार हाय."

सखुबाई पुढंच बसली होती. तिची सून पुनम पहाटे कामाला जायची आणि मुलगा जगन पुण्याला, सणावाराला यायचा. म्हणून नात शाळेत न्यायचं काम सखुबाईचं. नात प्रियदर्शनी, सात वर्षांची, दुसरीत. सखुबाई म्हणाली, "भाऊ, जरा जोरात लिवा. हळू लिवलेलं त्या लोकांना ऐकू येत न्हाई."

मी मोंढ्यातला माणूस. मोंढ्यात जेवढा भाव हवा तेवढा कुणी मागत नाही. दुप्पट मागायचं, समोरचा निम्म्यावर येतो, दोघं खूश. चाळीस वर्षं तेच बघितलं. तेव्हा मी लिहिलं, की या रस्त्यावर आजवर तेहतीस माणसं दगावली, पैकी अकरा जागच्या जागी. लिहिलं, की ट्रक एवढ्या वेगानं जातात की त्यांची सावली दुसऱ्या दिवशी येते. आणि मागितलं काय? एक उड्डाणपूल, सात गतिरोधक, सिग्नल आणि पोलीस चौकी. म्हटलं, घासाघीस होईल आणि एक गतिरोधक पदरात पडेल. वाचून दाखवलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. सखुबाईनं अंगठा दोनदा दाबला, एक म्हणे नातीच्या वाटणीचा.

दिवाळीच्या सुमारास टपालानं कागद आला. माझ्याच नावानं. 'पोलीस ठाण्यातील नोंदी तपासल्या असता सदर ठिकाणी एकही मृत्यू झाल्याचे आढळून येत नाही. अर्जात तथ्य नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

कचेरी घासाघीस करत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तिथं तेहतीस म्हटलं की तेहतीस मोजतात, आणि नाही भरले की शून्य धरतात. मोडलेला पाय शून्यात, सोळा टाके शून्यात.

मी तो कागद पिठाच्या डब्याखाली घातला. लोकांनी विचारलं, "आबा, अर्जाचं काय?" तर मी म्हणालो, "मुंबईला गेलाय. सहाव्या मजल्यावर हाय. लिफ्ट बंद पडली म्हणून खाली यायला येळ लागून राहिला." लोक हसले आणि वाट बघत बसले. दुसरा अर्ज, खरा, चार ओळींचा, मी लिहू शकलो असतो. पण त्यासाठी बहात्तर घरांपुढं उभं राहून सांगावं लागलं असतं की पहिला माझ्या जिभेनं बुडवला. ते जमलं नाही.

भोगीच्या दिवशी सखुबाई नातीला शाळेत सोडून परत येत होती. सुनेसाठी बाजारातून सुगडी घेतली होती, पाच. दुभाजक ओलांडून तिनं पाऊल खाली टाकलं, आणि टेम्पो आला. थांबला नाही. हॉर्न नाही, ब्रेक नाही. ओट्यावरून मी बघत होतो. त्या टेम्पोचा रंगसुद्धा मला सांगता आला नाही. मला! एरवी मी मुंगीच्या लुगड्याचा काठ सांगतो.

पाचातली चार सुगडी शाबूत होती.

पोलीस आले, टेप लावली, एका पानाचा पंचनामा केला. 'वाहन अज्ञात.' पान उलटायची गरज पडली नाही.

त्यानंतर पुनमनं काय केलं, तर घराला बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. कुरुंद्याच्या रविंद्रनं वसाहतीच्या कडेला हळद शिजवायचा कुकर लावला होता, पुनम तिथं सकाळी सहाला जायची. नवरा बारा दिवसांचं करून पुण्याला परत गेला होता, नाहीतर कामावरून काढलं असतं. पोरीला पार करायला कुणी उरलं नाही. प्रियदर्शनी खिडकीच्या गजाला धरून बसायची. रस्त्यापल्याडची शाळेची घंटा तिथं स्पष्ट ऐकू येते. घंटा झाली की ती मोठ्यानं पाढे म्हणायची. दोनापासून अकरापर्यंत. बाराचा अजून शिकवलेला नव्हता, म्हणून पुन्हा दोनापासून. दीड महिना, रोज.

मी पुनमला म्हणालो, "पोरीला मी नेतो."

"तुमी?" तिनं माझ्या गुडघ्याकडं बघितलं. "आबा, तुमाला ओट्यावरून उतरायला अर्धा घंटा लागतो. दोघंबी मराल. एक मयत अजून निस्तरली न्हाई माझ्याच्यानं."

"मग काय पोरीला जनमभर कोंडून ठेवतीस?"

"कोंडलेली पोरगी जित्ती ऱ्हाती." कोपरापर्यंत पिवळे झालेले हात तिनं पदराला पुसले, पदर पिवळा झाला, हात तसेच. "काल एका ट्रकवाल्याचा पाय हळदीच्या ढिगाला लागला, आबा. तर त्यानं चप्पल काढून हात जोडले. हळदीला! म्हणाला, भंडारा हाय, लक्ष्मी हाय. अन् तोच ट्रक भरून निघाला तर आमच्या बायका कडंला उभ्या हायत, ह्याला दिसतबी न्हाई. सुसाट. हळदीवर पाय पडला तर पाप, माणसावर चाक पडलं तर काय न्हाई. हळद म्हणून जन्माला यायला पाहिजे होतं आमी."

ती रागानं बोलून कामाला निघून गेली. मी मात्र तिथंच उभा राहिलो. चाळीस वर्षं हळद तोलली, ट्रक भरताना-उतरताना पाहिले. एकही ड्रायव्हर पसरलेल्या हळदीवरून गाडी घालत नाही. रिव्हर्स घेईल, शिव्या देईल, दुसरीकडून वळसा घालील, पण हळद चिरडणार नाही.

तसाच काठी टेकत रविंद्रकडं गेलो. शिजलेली हळद वाळवायला त्याला कोरडी कडक जागा हवी होती. त्याच्या रानात कालव्याचं पाणी पाझरून चिखल झाला होता. म्हटलं, "रविंद्र, डांबरावर वाळवलेल्या हळदीला काय रंग चढतो, ठाऊक हाय? हट्टा गावच्या एकानं वाळवली होती. पोत्याशेजारी एक व्यापारी घटकाभर उभा ऱ्हायला, तर घरी बायको ओवाळायला आली. तिला वाटलं नवरदेवच आला."

रविंद्रनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "ग्यानबाकाका, हे सगळं मला कशाला सांगून राहिले? सखुमावशीनं माझ्याकडं नऊ हंगाम हळद शिजवली. सरळ बोला ना, रस्त्यावर पसरायची हाय म्हणून."

मला आयुष्यात पहिल्यांदा एक थाप वाया गेल्याचं दुःख झालं नाही.

"पसरू," तो म्हणाला. "डांबर तापतं तशी लवकरबी वाळंल. अन् कोणी आडवा आला तर मी हाय."

सोमवारी सकाळी आठला बहात्तर घरांतली माणसं घमेली घेऊन रस्त्यावर उतरली. दुभाजकाच्या दोन्ही अंगांना हळद अशी पसरली की मधून एकाच ट्रकापुरती वाट राहील, तीही वाकडी. लांबून बघावं तर कुणा राक्षसाच्या पोरीचं लग्न आहे आणि रस्त्यालाच हळद लागली आहे.

पहिला ट्रक जवळा बाजार गावाकडून आला, सरकी भरलेला. शंभर हातांवरून ब्रेक मारला. असा मारला की सरकीला मोड आले. ड्रायव्हर खाली उतरला. नाव त्यानं नंतर सांगितलं, प्रेमसिंग.

"ये क्या लगा रक्खा है बीच रोडपे?"

"हळद हाय," पुनम म्हणाली. "घाल वरून."

त्यानं कानाला हात लावला. "पागल हो क्या, बहन? हल्दी के ऊपर से?" मग आमच्याकडं, सगळ्यांकडं, आळीपाळीनं बघितलं. "यहीं वो बुढिया गई ना, संक्रांत के टाइम?"

"गेली न्हाई. मारली," पुनम म्हणाली.

प्रेमसिंग गाडीत चढला आणि त्या वाकड्या वाटेनं ट्रक असा नेला, जशी गरोदर बाई पायरी उतरावी. मागचे सगळे तसेच आले. पावणेदहाला पुनमनं कुलूप काढलं. पोरीचं दप्तर पाठीला अडकवलं, हात धरला, आणि दोघी हळदीच्या कडेकडेनं चालत पार झाल्या. दोन्हीकडं ट्रक उभे होते. दुभाजकापाशी पोरगी थबकली, आजी पडली होती तिथं. पुनमनं तिला ओढलं नाही, थांबू दिलं. मग ती आपणहून चालायला लागली.

हळद पसरल्यापासून बरोब्बर दोन तासांनी रस्त्याच्या खात्याच्या साहेबांची जीप आली. सखुबाई गेली तेव्हा आली नव्हती. बंडूच्या पायाला आली नव्हती. ताराच्या सोळा टाक्यांना आली नव्हती. हळदीला दोन तासांत आली.

साहेब उतरले, मागून कारकून फाइल घेऊन. "कोणाचा माल आहे हा? ताबडतोब उचला! इथं अपघात झाला तर?"

मग तारा हसली. ते हसू नव्हतं, घशात काहीतरी फाटल्याचा आवाज होता. "अपघात? इथं? छ्या, साहेब. इथं कुठं अपघात होत असतो!"

"हे पहा, वाहनाखाली माल गेला तर पंचनामे करावे लागतात, नुकसानभरपाईचे अर्ज येतात. आमची जबाबदारी असते."

पुनम पुढं आली. शाळेतून परतून ती तशीच कामाला लागली होती, कोपरापर्यंत पिवळी. "म्हंजी हळद चिरडली तर भरपाई, अन् माझी सासू चिरडली तर वाहन अज्ञात?"

"बाई, मला समजतं तुमचं दुःख…"

"दुःख न्हाई साहेब, राग आलाय. दुःख तवा आलं होतं, तवा तुमी आले न्हाईत."

साहेब जरा मागं सरकले. मग त्यांना फाइल आठवली. "तुम्ही म्हणता आम्ही लक्ष दिलं नाही. अर्ज आला होता ना तुमचा, गेल्या जूनमध्ये? आम्ही पोलिसांकडून चौकशी केली, लेखी उत्तर दिलं. ऐका तुमचा अर्ज." आणि त्यांनी तो मोठ्यानं वाचला. तेहतीस मृत. सावली दुसऱ्या दिवशी येते. उड्डाणपूल, सात गतिरोधक. जूनमध्ये त्याच ओळींना टाळ्या पडल्या होत्या. आता हळद उलथायच्या दाताळ्याचासुद्धा आवाज थांबला. "असल्या अर्जावर आम्ही काय कारवाई करायची? दिवाळीलाच कळवलं होतं, तथ्य नाही म्हणून. ग्यानबा कोण तुमच्यात?"

बहात्तर घरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या वेळी काहीतरी बोलू शकलो असतो. लिफ्ट आठवली, टपाल हरवलं म्हणता आलं असतं, कारकून बनेल आहे म्हणता आलं असतं. जीभ अगदी टाळ्याला येऊन उभी राहिली होती.

"कागद आला होता," मी म्हणालो. "मी दडवला."

पुनम माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं, मारील. मारायला पाहिजे होतं. "दिवाळीला आला होता? अन् अत्या भोगीला गेल्या."

"व्हय."

"अन् काहून दडवला?"

"लाज वाटली."

"लाज," ती म्हणाली. कारकुनाच्या खिशातला पेन तिनं काढून घेतला, फाइलीतला कोरा कागद ओढला. कुणीतरी म्हणालं, आबाला सांग, ते… ती म्हणाली, "ह्यांना न्हाई. मी नववी शिकलेय." जीपच्या बोनेटवर कागद ठेवून तिनं लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं:

'माझी सासू सखुबाई, वय एकसष्ट, इथं मेली. एकच माणूस मेलं आहे. एकच गतिरोधक पाहिजे. दोन्ही बाजूला.'

कागदाला पिवळा हात उमटला होता. साहेबांनी तो धरला. बाजूला ट्रकांची रांग लांबत चालली होती, हॉर्न सुरू झाले होते. माझ्या अर्जावर त्यांना हसता आलं होतं, उत्तर देता आलं होतं. यावर करण्यासारखं काही नव्हतं, सही करण्याशिवाय.

"आठ दिवसांत करून देतो. आता माल उचला."

"हळद वाळायला पंधरा दिवस लागत्यात," पुनम म्हणाली. "आमाला घाई न्हाई."

"अन् ही वाळली तर दुसरी शिजून राहिली," रविंद्र मागून म्हणाला.

नवव्या दिवशी डांबराची गाडी आली. चार माणसं, एक रोलर. दोन्ही बाजूंना एकेक उंचवटा, त्यावर पांढरे पट्टे. मी ओट्यावर बसून घड्याळ लावलं होतं. सुरुवातीपासून शेवटच्या पट्ट्यापर्यंत चाळीस मिनिटं. नऊ महिने अर्ज, एक शेळी, एक पाय, सोळा टाके, एक सखुबाई. आणि काम चाळीस मिनिटांचं. यात मी एक मिनिटही वाढवलेलं नाही आणि एकही कमी केलेलं नाही. मला अजून संताप येतो तो त्या चाळीस मिनिटांचा. त्यांच्यावर येतो, आणि मग फिरून माझ्याकडं येतो, कारण चार खऱ्या ओळी लिहायला तेवढीही लागली नसती.

माझ्या ओट्यावर आता कुणी बसत नाही. येता-जाता लोक राम राम घालतात, पण थांबत नाहीत. पुनम राम रामही घालत नव्हती. दहाला ती कुकरवरून धावत यायची, पोरीला पार करायची, पुन्हा धावत जायची. कधीकधी तिला उशीर व्हायचा आणि पोरगी दप्तर घेऊन दारात उभी राहायची. मी बघायचो. बोलवल्याशिवाय उठायचा मला हक्क नव्हता.

परवा संध्याकाळी ती ओट्यापुढं येऊन उभी राहिली. वर चढली नाही.

"उद्यापासून कुरुंद्याला जायचंय, रविंद्रभाऊच्या रानात. दिवसभर. पोरीला दहाला पार करायचं, पाचला आणायचं."

"नेतो," मी म्हणालो.

"हात सोडायचा न्हाई तिचा. गतिरोधक असला तरी दोन्हीकडं बघायचं."

"व्हय."

ती निघाली. चार पावलं जाऊन वळली. चेहरा होता तसाच होता, एक रेघ हलली नव्हती.

"अन् आबा, चालताना गोष्टी सांगू नका तिला. रस्त्याकडं बघा."